एका मशीनचे दोन जबडे

मोरोपंतांचा स्वभावच असा, की घरात सगळं ठीक चाललं असलं तर त्यांना त्याचीच धास्ती वाटायची. एवढं सुरळीत कसं काय, असं म्हणून ते दाराची कडी पुन्हा एकदा बघून यायचे. त्या वर्षी मात्र त्यांच्या धास्तीला पहिल्यांदाच सबळ कारण मिळालं होतं.

त्यांची मुलगी चारुशीला अमरावतीतल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती, पण तात्पुरती. मोरोपंतांनी स्वतः उभा जन्म वकिलाकडे टायपिंग करण्यात घालवलेला. आता बोटांची पेरं सुजली होती, थंडीत चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागायचा. घर चालत होतं ते चारूच्या पगारावर. आणि श्रावणात कचेरीत हुकूम आला की आता राज्य मराठीचं, कामकाजही मराठीत. तात्पुरत्या टायपिस्टांनी या हिवाळ्यातल्या सरकारी परीक्षेत मराठी आणि इंग्रजी, दोन्ही टायपिंग पास करावं. नाही केलं तर घरी बसावं.

"इंग्रजी माझ्या बोटांत आहे, बाबा," चारू म्हणाली. "प्रश्न मराठीचा आहे."

"आणि मराठी शिकणार कशावर? माझ्या पाठीवर?" मोरोपंत म्हणाले.

ते चिडून बोलले, पण खोटं बोलले नाहीत. घरात मशीन एकच. वकीलसाहेब वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी मोरोपंतांना दिलेली, काळीभोर, विलायती, आणि अर्थातच इंग्रजी. गावातल्या क्लासात मराठी मशीन होती, पण हुकूम निघाल्यापासून तिच्यापुढे रेशनच्या दुकानासारखी रांग लागायची. नवीन मराठी मशीन घ्यायची तर घर विकायला काढावं लागलं असतं, आणि घर भाड्याचं होतं.

वाट काढली ती देवमननं. देवमन सायकलवर पिशवी अडकवून गावभर टायपिंगच्या मशीनी दुरुस्त करत हिंडायचा. त्यानं मोरोपंतांची मशीन पालथी घातली, खालून बघितली आणि एकदम हसला.

"पंत, तुमाले मालूम नाही काय? हे मशीन साधी नाही. हिचा जबडा निघते!"

"म्हणजे काय?"

"आता पाहा. दोन्ही बाजूचे खटके फिरवा, पुढून ओढा. बटनं, अक्षराच्या दांड्या, सगळं एकखट्टं बाहेर. मंग त्याच खाचीत मराठीचा जबडा सरकवा, मशीन झाली मराठी. तो काढा, हा घाला, झाली इंग्रजी. सांगाडा तोच, कागदाची गाडी तीच, रिबिन तीच. मराठीचा जबडा मी नागपूरहून आणतो. एका कबाडीपाशी पाहून ठेवला आहे."

चारूचे डोळे लकाकले. मोरोपंतांनी मात्र मशीनवर हात ठेवला. इतकी वर्षं ज्या मशीननं अन्न घातलं तिचं तोंड उपसून काढायचं? "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," ते म्हणाले. "मराठी येईल की नाही ठाऊक नाही, आणि हातातली इंग्रजी मात्र जाईल. मग तेलही गेलं, तूपही गेलं."

त्यांची बायको इंदूबाई दाराशी गहू निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "एकाच चुलीवर भातही होतो आणि वरणही होतं. आधी एक उतरवायचं, मग दुसरं चढवायचं."

"वैनी बरोबर बोलून राहिल्या," देवमन म्हणाला. मोरोपंत दोघांवरही रागावले, पण चारूच्या तोंडाकडे पाहून त्यांनी मान हलवली.

भाद्रपदात जबडा आला. खटके फिरले, देवमननं ओढलं आणि इंग्रजीची सगळी बत्तीशी एका झटक्यात बाहेर आली. मशीनच्या पोकळ तोंडाकडे मोरोपंतांना बघवेना. ते उगाच मागच्या अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालून आले. आले तोवर मराठी आत बसली होती, पण बसली म्हणजे नुसती बसली. चारूनं आपलं नाव टाइप केलं तर अक्षरांवरची रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी खालीवर. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी, केसभर वरखाली झाली तर कोण बघतो? मराठीत सगळ्या अक्षरांना एका रेघेनं धरून ठेवलेलं. ती मोडली की कागदच पांगळा दिसतो. देवमननं दुपारभर खटपट केली. शेवटी काडेपेटीच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापून त्यानं जबड्याच्या बुडाशी सरकवले, आणि रेघ जुळली.

"आता परीक्षेपावतर याले हात लावू नका," तो म्हणाला. "मराठीच राहू द्या. घडीघडी काढघाल केली तर खाचा झिजतीन. परीक्षेत मधात एकदाच काढा आणि इंग्रजी घाला."

"पण इंग्रजी परत बसेल ना?"

"बसन नाही तर काय! तिचीच जागा आहे ते."

त्यानं बापलेकीला काढघाल एकदा करून दाखवली, पुठ्ठे कुठे ठेवायचे ते दाखवलं आणि सायकलवर टांग मारली. मोरोपंतांनी इंग्रजीचा जबडा जुन्या धोतरात गुंडाळला, त्याला सुतळी बांधली आणि कपाटावरच्या लोखंडी पेटीत ठेवला. घरात सगळ्यांना बजावलं की या गाठोड्याला कोणी हात लावायचा नाही. मग रोज संध्याकाळी स्वतःच स्टुलावर चढून पेटी उघडायचे आणि गाठोडं आहे ना, एवढं चाचपून खाली उतरायचे. सोडून बघायचं त्यांच्या मनात यायचं, पण मग वाटायचं, आहे ते बरं आहे, हलवाहलव नको.

चारूची बोटं मराठीत अडखळत होती. काही कळा दाबल्या की गाडी पुढे सरकायची, काही दाबल्या तर मात्रा उमटायची पण गाडी जागची हलायची नाही, आणि इंग्रजीची सवय झालेला हात नेमका तिथे घाई करायचा. कचेरीतून आली की पाय धुवून ती मशीनपाशी बसे. पलीकडच्या खोलीत मोरोपंत कान देऊन बसायचे आणि ताल चुकला की कपाळाला हात लावायचे. इंदूबाई त्यांच्यापुढे ताट ठेवून म्हणायच्या, "ती शिकतेय. तुम्ही जेवा."

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघर अवजारांची पूजा. मोरोपंत सकाळी अंबादेवीला गेले होते. ते गर्दीतून घामाघूम होऊन परतले तर मशीनला झेंडूची माळ, पुढे निरांजन, आणि शेजारी पाटावर ते पेटीतलं गाठोडं. धोतरावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली.

"हे खाली कोणी काढलं?" त्यांचा आवाज चढला. "हात लावायचा नाही म्हटलं होतं ना मी?"

"अहो, वर्षाचा सण," इंदूबाई म्हणाल्या. "जिनं इतकी वर्षं पोसलं तिलाच पेटीत कोंडून ठेवायचं? ओवाळलं, कुंकू लावलं. आणि आतून जराशी—"

"आतून नाही न् बाहेरून नाही! लोखंडात कुंकू गेलं म्हणजे? अक्कल आहे का काही?"

इंदूबाईंनी निरांजनाची वात सारखी केली. त्या काहीतरी सांगणार होत्या, पण सणाच्या दिवशी कुठे वाद घालायचा म्हणून त्यांनी ते गिळलं. मोरोपंतांनी गाठोडं उचललं, कुंकू झटकलं आणि ते पुन्हा पेटीत ठेवलं. गाठ त्यांनी बांधली तशी नव्हती, हे त्यांच्या लक्षातही आलं. पण रागाच्या भरात माणसाला दिसतं ते कळतंच असं नाही.

परीक्षेचं केंद्र अकोल्याला होतं. आपापली मशीन आपण घेऊन जायची, असा रिवाज. गाडीत मोरोपंत मशीनच्या खोक्यावर हात ठेवून आणि इंग्रजीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले. बडनेऱ्याला गाडी बदलताना हमालानं खोकं जरा दणकन ठेवलं तर त्याच्यावर असे ओरडले, की फलाटावरचे लोक बघायला लागले. चारू खिडकीबाहेर बघत होती. तिच्या ओठांची हालचाल बघून मोरोपंतांना कळलं, की ती मनातल्या मनात टाइप करते आहे. या पोरीनं पास व्हावं, एवढं एकच त्यांना देवाकडून हवं होतं. नापास झाली तर पुढच्या महिन्यापासून काय, हा विचार आला की ते गाठोडं आणखी घट्ट धरायचे.

अकोल्याच्या त्या शाळेच्या पटांगणात मशीनींचा बाजार भरला होता. अर्ध्या उमेदवारांची सकाळी मराठी आणि दुपारी इंग्रजी, उरलेल्यांची उलट. म्हणजे दोघा-दोघांनी जोडी लावावी आणि एकमेकांच्या मशीनी वापराव्यात, अशी सोय. मोरोपंतांना ही सोय मुळीच मान्य नव्हती. परक्याच्या मशीनवर आपली मुलगी बसणार नाही आणि आपल्या मशीनला परका हात लागणार नाही. आपल्याकडे दोन्ही आहेत, मग कोणाच्या तोंडाकडे कशाला बघायचं?

तेवढ्यात डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला एक उंचापुरा शेतकरी समोर येऊन उभा राहिला. त्याच्या मागे एक मुलगी, रडून डोळे लाल झालेले.

"रामराम बाबूजी. मी खुशालराव, तेल्हाऱ्याचा. हे आमची सुभद्रा. हिची इंग्रजी सकाळी आहे, त्याची मशीन आहे आमच्यापाशी. पण क्लासवाल्यानं मराठीची आणली, तिचा पट्टाच तुटला ना बाप्पा मोटारीत. मंग दुपारी पोरीनं काय करावं? तुमच्या मुलीची मराठी सकाळी आहे म्हणतात. दुपारच्याले तुमची मशीन देता काय?"

"दुपारी ती मशीन मराठी नसेल," मोरोपंत म्हणाले.

"काहून?"

"दुपारी ती इंग्रजी होणार आहे."

खुशालरावानं मशीनकडे पाहिलं, मोरोपंतांकडे पाहिलं. "सकाळी मराठी न् दुपारी इंग्रजी? माणसाले नाही जमत ते, मशीनले कसं जमते?"

"जमतं," मोरोपंत तुटकपणे म्हणाले. "आणि माझी मशीन मी कोणाला देत नाही. दुसरीकडे बघा."

"बाबा, आपण दुपारी जोडी—" चारू हळूच म्हणाली.

"तू तुझ्या पेपरकडे लक्ष दे."

खुशालरावानं डोक्याचा रुमाल सारखा केला. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तो पुढच्या माणसाकडे गेला, आणि तिथूनही मान हलवत परतला. मोरोपंतांना ते दिसलं. त्यांनी तोंड फिरवलं.

सकाळचा मराठीचा पेपर चांगला गेला. चारू बाहेर आली ती हसतच. "रेघ एकदाही मोडली नाही, बाबा. वेळेआधी संपवलं." मोरोपंतांनी अंबादेवीला मनातल्या मनात हात जोडले. अवघड होतं ते झालं. आता राहिली इंग्रजी, ती तर पोरीच्या बोटांत होती.

मधल्या सुट्टीत बापलेक वर्गाच्या ओट्यावर बसले. मोरोपंतांनी खटके फिरवले, मराठीचा जबडा ओढून सतरंजीवर ठेवला. मग गाठोड्याची सुतळी सोडली, धोतराची एकेक घडी उलगडली, आणि त्यांच्या नाकाला ओळखीचा वास आला. तो मशीनचा नव्हता. तो घरच्या स्वयंपाकघराचा होता.

त्यांनी घाईनं जबडा आत सरकवला. बसला. चारूनं एक कळ दाबली. दांडी अर्ध्यावर उठली आणि तिथेच उभी राहिली. दुसरी दाबली, ती उठलीच नाही. तिसरी कागदापर्यंत गेली आणि परत यायचं नाव घेईना. चारूनं बोटानं ती खाली ओढली, तर बोटाला पिवळा चिकट पापुद्रा लागला. तिनं बोट नाकाशी नेलं.

"जवसाचं तेल," ती म्हणाली.

मोरोपंतांना सगळं एकदम उमगलं. 'आणि आतून जराशी—' इंदूबाई हेच सांगत होत्या. वर्षाच्या सणाला त्यांनी गाठोडं सोडलं, वाटीत घरचं जवसाचं तेल घेतलं आणि एकेक दांडी बोटानं प्रेमानं माखली. दाराच्या बिजागऱ्यांना घालायच्या तसंच. बिजागरी रोज हलते. ही गाठोड्यात निजून राहिली होती, आणि पेटीत पडल्यापडल्या त्या तेलाचा डिंक झाला होता.

"हिनं पोरीच्या अन्नात माती कालवली!" मोरोपंत ओरडले. ओट्यावरचे लोक वळून पाहायला लागले. "मी सांगितलं होतं, हात लावू नका! शंभरदा सांगितलं होतं!"

"बाबा, ओरडून दांड्या सुटणार आहेत का?" चारू म्हणाली. आवाज शांत होता, पण डोळे भरले होते.

मोरोपंत धावले. शाळेबाहेर सायकलचं दुकान होतं, तिथून रॉकेल आणि चिंध्या आणल्या. दोघं दांड्या पुसायला बसले. मोरोपंतांची सुजलेली बोटं थंड रॉकेलनं बधिर झाली, तरी ते चिंधी घासत राहिले. पापुद्रा वरवर निघत होता, पण सांध्यांत गेलेलं हटत नव्हतं. चार दांड्या सुटल्या, पाचवी पुन्हा अडकली. घंटा व्हायला फार वेळ उरला नव्हता. इंग्रजी, जिची कधी चिंताच केली नव्हती, ती समोर तोंड वासून पडली होती. चारूनं चिंधी खाली ठेवली आणि तळहातांनी डोळे दाबून धरले. तिला असं बसलेलं मोरोपंतांनी लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं.

पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला लिंबाखाली खुशालराव आणि सुभद्रा बसले होते. शेजारी त्यांची इंग्रजी मशीन, रिकामी.

मोरोपंत उठले. मोरोपंतांनी जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना मोठा तोरा होता. आता तो तोरा पायाखाली घेऊन ते लिंबाखाली जाऊन उभे राहिले. हाताला रॉकेलचा वास, धोतरावर काळे डाग.

"खुशालराव, सकाळी मी फार वाईट बोललो," ते म्हणाले.

खुशालरावानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "काहून बाबूजी? मशीन इंग्रजी नाही झाली काय?"

"नाही झाली. आमच्या घरच्यांनी तिला जवसाचं तेल पाजलं."

खुशालराव असा हसला, की लिंबावरचे कावळे उडाले. "जवसाचं! आमी तर बैलगाडीच्या चाकालेही नाही घालत ते. त्यानं तर लाकडाले रोगन करतात!" मग मोरोपंतांचं तोंड बघून तो थांबला. "जाऊ द्या. बोला, काय करू?"

"तुमची इंग्रजी माझ्या मुलीला द्या. मी माझी मशीन परत मराठी करतो, ती सुभद्रानं घ्यावी."

"मंग उठा ना, बसून काय राहिले?" खुशालराव म्हणाला. बसले नव्हतेच मोरोपंत, ते तसेच ओट्याकडे धावले.

इंग्रजीचा जबडा पुन्हा बाहेर आला. मराठीचा आत सरकला. सुभद्रानं भीत भीत दोन शब्द टाइप केले आणि मोरोपंत कागदावर वाकले. रेघ मोडली होती. पुठ्ठे! घाईत जबडा ओढताना देवमनचे काडेपेटीचे पुठ्ठे कुठेतरी पडले होते. त्यांनी सतरंजी झटकली, ओटा चाचपला. पुठ्ठे नव्हतेच. आता दुसऱ्याची पोरगीही आपल्यापायी बुडणार, या विचारानं ते गुडघ्यांवर बसून ओट्याखाली शोधायला लागले.

"काय पाहून राहिले तुमी?"

"पुठ्ठा. दोन तुकडे. पातळ."

खुशालरावानं बंडीच्या खिशातून तेल्हाऱ्याहून येतानाची एस.टी.ची दोन तिकिटं काढली. "हे चालन काय?" मोरोपंतांनी त्यांच्या घड्या घातल्या, जबड्याच्या बुडाशी सरकवल्या. सुभद्रानं पुन्हा टाइप केलं. एक बाजू जरा उंच वाटली. एक घडी कमी केली. पुन्हा. या वेळी रेघ सरळ आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घंटा झाली तेव्हा खुशालराव स्वतः मशीन उचलून आत नेत होता, आणि मागून मोरोपंत, तेल्हाऱ्याची मशीन छातीशी धरून.

दुपारभर दोघं बाप खिडकीखाली उभे होते. आत पन्नास मशीनींचा कडकडाट, पण मोरोपंतांना त्यात आपली मशीन ओळखू येत होती. परक्या मुलीच्या हाताखाली ती दबकत चालली होती, मग हळूहळू मोकळी झाली. चारूची मात्र ऐकू येईना. परकी मशीन, कळांचा जोर वेगळा, पोरीची बोटं घसरत असतील, ओळी सुटत असतील. त्यांनी खिडकीचा गज धरला. खुशालराव तंबाखू मळत होता, पण मळतच राहिला, तोंडात टाकायची त्याला आठवण झाली नाही.

बाहेर आल्यावर चारू एवढंच म्हणाली, "झाला. कसा झाला ते ठाऊक नाही."

परतीच्या गाडीत मोरोपंत बायकोला काय काय बोलायचं ते जुळवत होते. अक्कल, हट्ट, अडाणीपणा, सगळे शब्द त्यांनी रांगेत लावून ठेवले. बडनेऱ्याला चारूनं विचारलं, "आईला बोलणार आहात ना?"

"बोलणार नाही तर काय तिची आरती ओवाळू?"

घरी पोचले तर इंदूबाई दारातच उभ्या. सकाळपासून त्यांनी तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. देवापुढचं निरांजन अजून जळत होतं. "चालली ना नीट?" त्यांनी विचारलं. "इंग्रजीची अडकली बिडकली नाही ना? मी सारखी तेच म्हणत होते देवाला."

मोरोपंतांनी तोंड उघडलं. सगळे शब्द रांगेत उभे होते. त्यांनी बायकोच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालली. तू आधी जेव."

चारू त्यांच्याकडे बघतच राहिली. मोरोपंत विहिरीवर जाऊन बराच वेळ हात धूत बसले. दुसऱ्या दिवसापासून, इंदूबाई देवळात गेल्या की ते मागच्या अंगणात एकेक दांडी रॉकेलमध्ये भिजवून साफ करायचे. ते काम होळीपर्यंत पुरलं.

निकाल लागला. चारू दोन्हींत पास, इंग्रजीत जेमतेम, पण पास. कचेरीनं तिला कायम केलं, आणि मोरोपंत त्या दिवशी पहिल्यांदा दाराची कडी न बघता झोपले. सुभद्राही पास झाली. वैशाखात तेल्हाऱ्याकडच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर खुशालरावाचा डबा आला. आत घरच्या शेतातल्या जवसाचं तेल होतं, आणि निरोप होता, की बाबूजीले सांगा, हे खाण्यासाठी आहे. माणूस बिचारा निरोपातलं शेवटचं विसरला आणि डबा अकोल्याला भेटलेल्या खुशालरावांचा, एवढंच इंदूबाईंना सांगून गेला. ते मोरोपंतांना पुढे खुशालराव भेटला तेव्हा कळलं.

पुन्हा खंडेनवमी आली. मराठीचा जबडा मशीनमध्ये बसला होता, शेजारी पाटावर इंग्रजीचा जबडा, आता उघडा, चकचकीत. मोरोपंत त्या दिवशी अंबादेवीला गेले नाहीत. आठ दिवस त्यांना एकच भीती होती, आणि ती नेमकी खरी झाली. इंदूबाई स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आल्या.

"खुशालरावांचं घालू यंदा," त्या कौतुकानं म्हणाल्या. "गेल्या वर्षी आपलं घातलं तर पोर पास झाली. हे तर अस्सल घाण्याचं आहे."

चारूनं मान खाली घातली. मोरोपंतांनी सदऱ्याच्या खिशातून शिवणयंत्राच्या तेलाची छोटी बाटली काढली. ती त्यांनी केव्हाच आणून ठेवली होती. "हे घाल," ते म्हणाले.

"आणि यात काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. ते खायचं आहे. हे मशीनचं."

इंदूबाई वाटी धरून उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मुलीच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं, चकचकीत दांड्यांकडे पाहिलं. "म्हणजे गेल्या वर्षी..."

"गेल्या वर्षी पोर पास झाली ना?" मोरोपंत घाईनं म्हणाले. "झालं तर मग."

मग इंदूबाईंनी वाटी हळूच बाजूला ठेवली आणि पदरानं हात पुसले.

"तरीच," त्या म्हणाल्या, "अकोल्याहून आलात त्या दिवशी तुमच्या हातांना रॉकेलचा वास येत होता. मी विचारणार होते. पण तुम्ही 'जेव' म्हणालात."

त्यांचे डोळे भरून आले होते. त्या पाटासमोर बसल्या आणि बाटली हातात घेऊन म्हणाल्या, "एकेका दांडीला किती थेंब, ते तरी नीट सांगा आता."

मोरोपंतांनी चष्मा लावला आणि ते इंदूबाईंच्या शेजारी खाली बसले.